नोंद नाही

गेल्या वर्षभरात ज्युनियर्सचे जेवढे मेसेज आले त्यात फिरून फिरून तेच तीन प्रश्न, ताई अमेरिकेत रिसर्चची पोझिशन कशी मिळाली, व्हिसा कोणता घेतला, रिसर्च पेपर किती झाले. उत्तरं देते, पण पटापट देते, कारण मला जे सांगायचंय ते कोणी विचारतच नाही. ते आहे एका रिकाम्या रकान्याबद्दल.

तर, सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस, मार्चमधे इंटर्नशिप संपली आणि ऑगस्टमधे मी फिलाडेल्फियाला आले, इथल्या एका युनिव्हर्सिटीच्या न्यूरॉलॉजी डिपार्टमेंटमधे, स्ट्रोकवर काम करणाऱ्या ग्रुपमधे, एक वर्षासाठी. युनिव्हर्सिटीचं नाव लिहीत नाही कारण पुढे पेशंटचं आणि माणसांचं लिहिणार आहे, त्यांचे तपशीलही बदललेत. ईमेल मी एकशे चाळीस केले होते, उत्तरं आली अकरा आणि होकार एकच. तो एक होकार का आला हे नंतर कळलं. बाकी सगळ्या ईमेलमधे मी माझे मार्क, माझी बक्षिसं आणि माझी स्वप्नं लिहिली होती, ह्या एकात मात्र मी त्यांच्याच एका पेपरबद्दल विचारलं होतं की सर, पहिल्या टेबलपेक्षा दुसऱ्या टेबलमधे पेशंट कमी का झालेत, मधले कुठे गेले. म्हणजे तेव्हाही प्रश्न रिकाम्या रकान्यांचाच होता, मला ते समजलं नव्हतं इतकंच.

व्हिसा जे-१. युनिव्हर्सिटी डीएस-२०१९ नावाचा फॉर्म पाठवते, मग सेविसची (बाहेरून येणाऱ्या विद्यार्थी-संशोधकांची सरकारी नोंद) फी २२० डॉलर, व्हिसाची १८५ डॉलर, मग इंटरव्ह्यू. इन्शुरन्स सक्तीचा, एका आजारपणाला किमान १,००,००० डॉलरचं कव्हर लागतं, आणि त्यातच काही झालंच तर पार्थिव घरी पाठवायचे २५,००० डॉलर धरलेले असतात, ते पान मी आईला दाखवलं नाही. एक गोष्ट मात्र नीट वाचून घ्या. डीएस-२०१९ वर कॅटेगरी लिहिलेली असते, 'रिसर्च स्कॉलर' म्हणून आलात की प्रोग्रॅम संपल्यावर त्याच कॅटेगरीत परत यायला २४ महिने थांबावं लागतं, मग तुम्ही इथे चारच महिने राहिलेले असा तरी. 'शॉर्ट-टर्म स्कॉलर'ला ही अट नाही पण त्यात सहा महिन्यांच्या वर राहता येत नाही. माझ्या ओळखीतल्या एकीने हे विचारलंच नव्हतं आणि परत बोलावणं आलं तेव्हा तिला येता आलं नाही. इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करून विचारा, त्यांचं कामच ते आहे, लाजू नका.

आणि पैसे. माझी पोझिशन बिनपगारी होती. ह्याबद्दल मला आजही राग आहे आणि तो मी लपवत नाही. बिनपगारी म्हणजे बँकेत वर्षभराचे पैसे दाखवू शकेल तोच येणार, माझ्या बाबांनी पीएफमधून काढून दाखवले म्हणून मी आले. माझ्या बॅचमधे एक मुलगा होता, आकडेवारीत माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, त्याला ह्याच शहरातल्या एका लॅबने हो म्हटलं होतं, तो येऊ शकला नाही कारण घरी दाखवायला तेवढे पैसे नव्हते. त्याच्या जागी जो कोणी आला असेल तो चांगलाच असेल, पण तो आला पैशांमुळे, हे आपल्यातल्या कोणीतरी स्पष्ट लिहायला पाहिजे.

जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईची, म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकी करायला लागणाऱ्या परीक्षेची, स्टेप वन नुसती पास-नापास झाली, मार्कांवरून कोण वर कोण खाली हे त्या परीक्षेत कळेनासं झालं, म्हणून सगळे पेपरांच्या मागे लागलेत. मी पण लागले होते, खोटं कशाला बोलू. मी बॉल्टिमोर अव्हेन्यूवर राहते, सकाळची ट्रॉली चाळिसाव्या स्ट्रीटला जमिनीखाली जाते, छत्तिसाव्याला मी उतरते, आणि तिथून मार्केट स्ट्रीटवर थोडं चाललं की ईसीएफएमजीचं ऑफिस. बाहेरच्या देशात शिकलेल्या डॉक्टरला अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं पुढचं प्रशिक्षण, करायची तर ज्यांचं सर्टिफिकेट लागतं ते हेच. पाच वर्षं लॉगिनच्या पानावर पाहिलेलं नाव, आणि ती रस्त्याकडेची एक साधी ऑफिसची बिल्डिंग. पहिल्या आठवड्यात मी रोज तिच्यासमोर थांबायचे. नंतर थांबणं बंद झालं, का ते आता सांगते.

पहिले दहा दिवस मला कामच दिलं नाही, फक्त ट्रेनिंग. माणसांवरच्या संशोधनाचे नियम, पेशंटच्या माहितीचे नियम, कुठले अठरा तपशील ओळख पटवणारे धरले जातात (नाव, पत्ता, फोन, अगदी तारखासुद्धा), प्रत्येक भागाच्या शेवटी परीक्षा. मी ते पटापट क्लिक करत चालले होते. मग टस्कीगीचा भाग आला, १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय माणसांना उपचार न देता नुसतं बघत राहिले, हे आपल्याला पीएसएममधे (सामाजिक आरोग्याच्या विषयात) एका ओळीत असतं. पण त्यानंतर आमच्या को-ऑर्डिनेटरने विचारलं, होम्सबर्ग माहितीये का? मला माहिती नव्हतं. होम्सबर्ग ह्याच शहरातला तुरुंग, तिथल्या कैद्यांच्या पाठीवर १९५१ ते १९७४ अशी वीसेक वर्षं औषधं, कॉस्मेटिक्स, रसायनं लावून बघितली, शहराने त्याची माफी मागितली ती २०२२ साली. ती म्हणाली, माझ्या शेजारच्या आजोबांच्या पाठीवर त्या चौकोनांचे डाग होते. एवढंच बोलली आणि कॉफी आणायला गेली.

ह्या बाई म्हणजे माझ्या वर्षाचा निम्मा भाग आहेत. साठीकडे आलेल्या, आधी आयसीयूत नर्स होत्या, नंतर रिसर्चमधे आल्या. प्रोफेसर सगळ्यांशी नावाने बोलतात आणि मलाही तसंच बोल म्हणायचे, मला ते शेवटपर्यंत जमलं नाही, मी डॉक्टर अमुक असंच म्हणत राहिले. पण ह्या बाईंना मी मनात कायम मॅडमच म्हणायचे, आणि त्या मॅडम वाटायच्याही.

काम काय होतं तर चार्ट रिव्ह्यू. पेशंटला हात लावायचा नाही, ॲप्रन नाही, बॅजवर फक्त रिसर्च असं लिहिलेलं. एपिकमधे, म्हणजे हॉस्पिटलच्या रेकॉर्डच्या सॉफ्टवेअरमधे, जुने चार्ट उघडायचे, स्ट्रोक घेऊन आलेले पेशंट, आणि प्रत्येकाबद्दल ऐंशी-नव्वद गोष्टी शोधून रेडकॅप नावाच्या रिसर्चच्या सॉफ्टवेअरमधल्या फॉर्ममधे भरायच्या. वय, बीपी, शुगर, एनआयएचएसएसचा स्कोअर (स्ट्रोक किती मोठा ते सांगणारा), सीटी किती वाजता, इंजेक्शन किती वाजता. आणि ह्या सगळ्यात सगळ्यात मोठा रकाना, 'लास्ट नोन वेल'. म्हणजे पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला. लक्षणं कधी सुरू झाली नव्हे, तर शेवटचा चांगला कधी होता.

डॉक्टर नसलेल्यांसाठी सांगते की हा रकाना एवढा मोठा का. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली तर ती विरघळवायचं इंजेक्शन ठराविक वेळेतच देता येतं, १९९५ मधे ते तीन तासांत काम करतं हे सिद्ध झालं, २००८ मधे ती मर्यादा साडेचार तासांपर्यंत गेली. उशिरा दिलं तर फायदा कमी आणि मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका जास्त. मांडीच्या धमनीतून तार घालून गुठळी बाहेर काढायची असेल तर निवडक पेशंटमधे २४ तासांपर्यंत जाता येतं. आता एमआरआय वगैरे बघूनही काही पेशंट निवडता येतात, पण घड्याळ लावायचं ते ह्याच रकान्यापासून. घड्याळ चुकीच्या जागी लावलं की पुढचं सगळं चुकलं.

नियम असा की पहिले तीस चार्ट दोघांनी वेगवेगळे भरायचे, एकमेकांचं न बघता, आणि मग जुळवायचे. दुसरा भरणारा कोरियाहून आलेला रेसिडेंट होता. बहुतेक सगळं छान जुळलं, फक्त साडेचार तासांच्या आत की बाहेर ह्या एका गोष्टीत आमचा 'कप्पा', म्हणजे दोघांचं किती जुळलं ते सांगणारा आकडा, इतका खराब आला की प्रोफेसरांनी मीटिंग थांबवली. बाईंनी मला शेजारी खुर्ची ओढून बसवलं आणि जिथे जिथे जुळलं नव्हतं ते एकेक चार्ट उघडले.

पहिल्यात माणूस सकाळी सहाला उठला तेव्हा हात लुळा होता. मी सहा भरलं होतं. हे मला पुस्तकातून येत होतं हो, झोपेतून उठल्यावर लक्षात आलं तर वेळ धरायची ती रात्री झोपला तेव्हाची, परीक्षेत आलं असतं तर बरोबर लिहिलं असतं. पण नोटमधे कोणीतरी सहा लिहिलं होतं आणि मी उचललं. ठीक, ही चूक समजण्यासारखी.

मग दुसरा चार्ट. नोटमधे लिहिलं होतं की मुलीच्या म्हणण्याप्रमाणे आज सकाळपासून बोलणं अडखळतंय. मी भरलं होतं ०८:००.

बाई म्हणाल्या, आठ कुठून आले?

मी म्हटलं, असेल कुठेतरी, नर्सच्या नोटमधे किंवा ॲम्ब्युलन्सच्या. त्या म्हणाल्या, दाखव. आवाज चढला नव्हता, रागही नव्हता, त्या खरंच वाट बघत होत्या. मी नर्सची नोट उघडली, ॲम्ब्युलन्सचा कागद उघडला, फिजिओची, डिस्चार्जची, अगदी धर्मगुरू येऊन गेले त्याची नोट होती तीही उघडली. वीस मिनिटं. आठ कुठेच नव्हते. माझे कान तापलेले मला जाणवत होते. शेवटी मी म्हटलं, सकाळ लिहिलंय म्हणून मी आठ भरले असणार. त्या म्हणाल्या, तुला माहिती नव्हतं तर तसं भरायचं, त्यासाठी कोड आहे, ९९९, नोंद नाही. आणि मग हळूच म्हणाल्या, ह्या माणसाने तुला त्याचा चार्ट वाचायची परवानगी दिलेली नाही, आयआरबीने (संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीने) त्याच्या वतीने दिलीय, त्याला कळणारसुद्धा नाही की तू वाचतेयस. मग निदान त्याच्या दिवसात नसलेली गोष्ट आपण घालू नये.

त्या रात्री मी झोपले नाही. ओरडा बसला म्हणून नव्हे, ओरडा बसलाच नव्हता. ते आठ मला ओळखीचे होते म्हणून.

इंटर्नशिपमधे आम्ही काय करायचो ते लिहिते, कोणाला राग आला तर येऊ दे. नाइटला एका इंटर्नकडे साठ-सत्तर पेशंट, चार तासांनी बीपी-पल्स लिहायचे, खरंच घेतले तर पहाटेचे सकाळी नऊला संपतील, म्हणून आम्ही भरायचो. १२०/८०, ११०/७०, १३०/८०, आलटून पालटून, अगदी एकसारखं दिसू नये म्हणून. पल्स ७८, ८२. छाती न तपासता 'क्लिअर'. सिनियर्सनी शिकवलं, आम्ही ज्युनियर्सना शिकवलं. बहुतेक वेळा काही बिघडलं नाही आणि म्हणून ते चालू राहिलं. ह्यात मनुष्यबळाचा प्रश्न आहेच, सत्तर पेशंटला एक मुलगी हा काही तिचा गुन्हा नव्हे. पण पेनातून जो आकडा उतरायचा तो माझा होता. न घेतलेलं बीपी मी रिकामं सोडलं असतं तर सकाळी शिव्या बसल्या असत्या पण कागदाने खरं सांगितलं असतं, की ह्या माणसाला रात्रभर कोणी बघितलेलं नाही.

आणि कॅज्युअल्टीतल्या एक बाई होत्या. साठीच्या पुढच्या, शेतावरून सुनेने आणि पुतण्याने जीपमधून आणलेल्या, उजवी बाजू गेलेली, बोलणं बंद. पावणेएक वाजले होते. मी सुनेला विचारलं कधीपासून, ती म्हणाली सकाळपासून. मी केस पेपरवर लिहिलं, सकाळी आठपासून. रेसिडेंट आले, पेपर बघितला, घड्याळ बघितलं, म्हणाले आउट ऑफ विंडो (इंजेक्शनची वेळ गेली), सीटी करा, वॉर्डात घ्या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, माझ्या अक्षरावर. आठ ते पावणेएक, पावणेपाच तास. दहा असते तर पावणेतीनच. त्या बाईंना इंजेक्शन देता आलं असतं की नाही हे मला माहिती नाही आणि कधीच कळणार नाही, बीपी किती होतं, सीटीत काय दिसलं, कितीतरी गोष्टी असतात. पण मी तो प्रश्न विचारायच्या आधीच मिटवून टाकला होता.

फिलाडेल्फियात येऊन हे कळायला लागलं ह्याचं वाईट वाटतं, पण कळलं ते इथेच.

त्यानंतर कामाचा वेग एकदम पडला. आधी दिवसाला बारा चार्ट व्हायचे, आता पाच. को-ऑर्डिनेटर बाईंचा नियम मी स्वतःला लावला, प्रत्येक वेळेपुढे कुठल्या नोटमधून घेतली ते लिहायचं, आणि दोन नोटा भांडत असतील तर दोन्ही लिहायच्या. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली आणि दुपारी पाचच्या आतच काळोख पडायला लागला, आमच्या रिसर्चच्या खोलीला खिडकी नाही त्यामुळे सकाळ कधी संपली तेही कळायचं नाही, मी आणि दोन स्क्रीन आणि ह्या अनोळखी लोकांचे सगळ्यात वाईट दिवस. एकटं वाटायचं, खूपच. आजी व्हिडिओ कॉलवर म्हणायची, आनंदीबाईंच्या गावाला गेलीयस, हिंमत धर. आनंदीबाई जोशी ह्याच शहरात शिकल्या, १८८६ मधे डॉक्टर झाल्या. १८८५ चा त्यांचा फोटो आहे ना, जपानची एक, सीरियाची एक आणि त्या, तिघी आपापल्या देशाच्या कपड्यात. लहानपणापासून तो पाहिला होता पण इथे आल्यावर मला त्यात वेगळंच दिसायला लागलं, की साडीत इथला हिवाळा कसा काढला असेल. मी मोज्यांचे दोन जोड एकावर एक घालून बसायचे.

डिसेंबरात एकदा आकडेवारीच्या मीटिंगमधे एनआयएचएसएसची सरासरी पन्नासच्या वर आली. तो स्कोअर बेचाळीसच्या पुढे जाऊच शकत नाही. सगळे गप्प. मग लक्षात आलं की माझे ९९९ कोणीतरी खरे आकडे समजून बेरजेत घेतलेत. दोन मिनिटांत दुरुस्त झालं, पण मला त्यातून एक समाधान मिळालं ते सांगू का, माहिती नाही हे सांगणारा आकडा सगळ्यांच्या डोळ्यात खुपला. माझे आठ कधीच कोणाच्या डोळ्यात खुपले नसते. ते इतरांसारखेच दिसायचे.

जानेवारीत रीतसर परवानगी काढून दोन संध्याकाळी मला इमर्जन्सीत उभं राहून बघू दिलं. हातमोज्यांच्या खोक्यांच्या बाजूला भिंतीला टेकून, काही बोलायचं नाही. दुसऱ्या संध्याकाळी स्ट्रोक अलर्ट आला, एक आजोबा, त्यांची बायको मागून धावत आलेली, कोट उलटा घातलेला. फेलोने, म्हणजे स्ट्रोकचं पुढचं प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरने, विचारलं, शेवटचे चांगले कधी होते? ती म्हणाली, दुपारी. आणि मी मनातल्या मनात तिथे आकडा टाकला, सवय जात नाही.

फेलो तिच्या डोळ्यांच्या उंचीवर येईल असा वाकला आणि विचारायला लागला. दुपारी म्हणजे जेवण झालं होतं? झालं होतं. जेवताना बोलत होते? हो. भांडी कोणी उचलली? त्यांनीच. मग तुम्ही काय केलं? मी वर जाऊन पडले. टीव्ही चालू होता? हो, मॅच. मधे कोणाचा फोन आला? ती थांबली. म्हणाली, मुलीचा, त्यांच्या फोनवर. नर्सने तोवर त्यांच्या खिशातून फोन काढून तिच्या हातात दिलाच होता. ३ वाजून ४२ मिनिटं, सहा मिनिटांचा कॉल. मुलीला तिथूनच फोन लावला, बाबा नीट बोलत होते का, शब्द अडखळत होते का? नाही, नीट बोलले, माझ्या गाडीच्या टायरबद्दल बोलले. फेलोने बोर्डावर ३:४८ लिहिलं. हे सगळं चालू असताना दुसरीकडे सीटीची तयारी चाललेली, एकूण तीन मिनिटंही गेली नसतील.

दोन दिवसांनी मी खोलीत परत आले आणि चार्ट उघडले तर प्रत्येक चार्टमधल्या त्या वेळेमागे मला कोणीतरी वाकलेलं दिसायला लागलं. आणि जिथे वेळ नव्हती तिथेही.

पेपर झाला, विचारत होतात ना, एक झाला, त्यात माझं नाव चौथं आहे. तीनशेच्या वर चार्ट मी भरले. टेबलखाली एक बारीक ओळ आहे, ज्यांची शेवटची चांगली वेळ नोंदलेली नव्हती असे पेशंट किती. ती ओळ मी लिहिलीय, आणि प्रोफेसरांनी ती काढू दिली नाही, एका रिव्ह्यूअरने काढा म्हटलं तरी.

पुढच्या महिन्यात व्हिसा संपतोय. बाईंनी निरोपाला मला एक पेन दिलं.

हल्ली रात्री मी ते प्रश्न आपल्याकडच्या बोलीत करून बघते. त्या सुनेला मी काय विचारायला हवं होतं. घड्याळ तिच्या हातात नव्हतं, घरातही असेल-नसेल. पण सकाळी चहा कोणी केला, सासूबाईंनी की तुम्ही? धार काढायला त्या बसल्या होत्या? दुधाची गाडी येऊन गेली तेव्हा बोलत होत्या? पोरं शाळेला निघाली तेव्हा त्यांनी डबा दिला का? शेतात निघालात तेव्हा चालत आल्या ना, मग बांधावर बसल्या कधी, एसटी जायच्या आधी की नंतर?

तिला सगळं माहिती असणार. सीटीचा कागद येईपर्यंत ती कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर तासभर बसून होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, आणि मी दोनदा तिच्यासमोरून गेले.